जवाच्या पिठाची अलेक्झांड्रिया

अलेक्झांड्रिया बघायला मी नेदरलँड्सला गेले होते, असं सांगितलं की ऑफिसातले लोक आधी माझ्याकडे आणि मग भिंतीवरच्या जगाच्या नकाशाकडे बघतात. त्यांचं चुकत नाही. अलेक्झांड्रिया इजिप्तमध्ये, भूमध्य समुद्राच्या काठी. नेदरलँड्स पार वर, उत्तर समुद्राला टेकलेलं. पण मी ती खरंच तिथे पाहिली. नुसती पाहिली नाही, तिच्या मुख्य रस्त्याच्या दोरीचं एक टोक माझ्या हातात होतं.

मी सांगलीत नगररचनेच्या कामात आहे. विकास आराखड्याचे नकाशे, रस्तारुंदीच्या रेषा आणि कृष्णेच्या पुरानंतर आलेल्या निळ्या-लाल पूररेषा, हे माझं रोजचं जग. माझा मावसभाऊ सम्यक डेल्फ्टच्या विद्यापीठात पीएचडी करतो. जुन्या काळी एखादं शहर मोकळ्या जमिनीवर वसवायचं ठरलं की पहिल्या दिवशी नेमकं काय करत असतील, हा त्याचा विषय. घरात कुणालाच तो धड समजलेला नाही. मला समजतो, म्हणून तो मला फोन करतो.

"ताई, मे महिन्यात आम्ही समुद्रकिनाऱ्यावर अख्खी अलेक्झांड्रिया आखणार आहोत," तो म्हणाला. "छोटी करून, पण मोजमापाने. दोरी, खुंट्या आणि जवाचं पीठ. माणसं कमी पडतायत. येतेस?"

रजेचा अर्ज मी त्याच दुपारी दिला. साहेबांनी कारण विचारलं तेव्हा "शहर आखायला जातेय" म्हटलं. ते म्हणाले, "मग इथे काय करताय इतकी वर्षं?" आणि सही केली.

डेल्फ्ट

डेल्फ्टमध्ये पाऊल ठेवल्यावर माझ्यातली नगररचनावाली सगळ्यात आधी घाबरली ती कालव्यांना. गल्लोगल्ली पाणी, आणि त्याला कठडा म्हणून नाही. रस्ता, मग एक दगडी कड, मग थेट पाणी. त्या कडेवर माणसं खुर्च्या टाकून कॉफी पितात, पोरं पाय सोडून बसतात. आमच्याकडे असं असतं तर पहिल्याच आठवड्यात मोर्चा आला असता. मी हे सम्यकला बोलून दाखवलं तर तो म्हणाला, "इथे शाळेतच पोरांना कपड्यांसकट पोहायला शिकवतात." म्हणजे कठडा बांधायचा नाही, पोरगं तयार करायचं. यावर मी दोन दिवस विचार करत होते.

सम्यक राहतो त्या घराचा जिना म्हणजे भिंतीला टेकवलेली शिडी. माझी बॅग त्याने डोक्यावर घेतली आणि मी कठड्याऐवजी लावलेली दोरी धरून मागून चढले. वर पोचले तर खोलीभर नकाशा पसरलेला. पलंगावर, टेबलावर, उरलेला जमिनीवर. चहाचा कप ठेवायला जागा नव्हती म्हणून तो त्याने तलावात ठेवला. तलाव म्हणजे नकाशातला, शहराच्या दक्षिणेचा.

"हे बघ," तो म्हणाला. चहा पूर्ण व्हायच्या आत त्याने मला सगळं शहर फिरवून आणलं. उत्तरेला समुद्र, दक्षिणेला तलाव, मधे जमिनीची लांबट पट्टी. समोर एक बेट, त्यामुळे लाटा अडतात आणि बंदराला आयती सोय होते. तलावातून कालव्याने नाईलचं गोडं पाणी. ज्या तरुण मॅसिडोनियन राजाचं नाव पुढे शहराला मिळालं त्याने ही जागा बघितली आणि इथेच, असं ठरवून टाकलं. त्याच्या रचनाकाराने पट्टीच्या लांबीला समांतर एक मोठा रस्ता धरला, त्याला काटकोनात छेदणारे बाकीचे. काटकोनातले रस्ते समुद्राकडे उघडे, म्हणजे उन्हाळ्यात वायव्येचा वारा घराघरांत शिरेल.

"आता गंमत ऐक. जमिनीवर रेघा मारायला पांढरी माती हवी होती, ती संपली. मग कामगारांच्या शिध्यातलं जवाचं पीठ घेतलं आणि त्याने शहर आखलं. आखून होतंय तोवर तलावावरून पक्ष्यांचे थवे आले आणि सगळं पीठ खाऊन गेले. राजा घाबरला, अपशकुन म्हणून. त्याच्या ज्योतिषांनी सांगितलं, नाही महाराज, हे शहर खूप लोकांचं पोट भरेल."

"खरं असेल हे?"

"माझे गाइड म्हणतात, रचलेली गोष्ट आहे. समुद्राच्या वाऱ्यात पिठाची रेघ टिकणारच नाही. मी म्हणतो, आधी टाकून तर बघू."

संध्याकाळी नादिया जेवायला आली. नादिया मूळची अलेक्झांड्रियाचीच. आर्किटेक्ट आहे, जुन्या इमारतींच्या दुरुस्तीचं शिकायला वर्षभरासाठी डेल्फ्टला आलेली. माझ्याच वयाची, म्हणजे चाळिशी ओलांडलेली. येताना तिने शिजवलेल्या पावट्यासारख्या दाण्यांचा डबा आणला होता, वर तेल, जिरं आणि लिंबू. आपल्या उसळीची चुलत बहीण म्हणावी अशी चव. तिला ते सांगितलं तर तिने लगेच विचारलं, "तुम्ही त्यात लसूण कधी घालता? आधी की नंतर?" आणि आमची मैत्री झाली.

जमिनीवर गुडघे टेकून तिने नकाशावर बोट ठेवलं. "हा मोठा रस्ता अजून आहे. आजचा हमरस्ता जवळपास त्याच्याच डोक्यावरून जातो. आणि इथे," तिचं बोट एका बारीक आडव्या रेघेवर आलं, "ही आमची गल्ली. इथे आमचं घर."

"अंदाजे," सम्यक म्हणाला. संशोधक माणूस.

"तुझ्यासाठी अंदाजे," ती म्हणाली.

जेवताना तिचा फोन वाजला. ती जिन्यात जाऊन बराच वेळ अरबीत बोलली. परत आली तेव्हा चेहरा धुतलेला होता.

पवनचक्की

पीठ कुठून आणायचं, याचं उत्तर डेल्फ्टमध्ये इतकं सुंदर असेल असं वाटलं नव्हतं. गावातच एक पवनचक्की आहे, चालू स्थितीतली. वारा आला की पाती फिरतात, आत दगडी जातं गरगरतं, सगळी इमारत लाकडी जहाजासारखी करकरते. पायाखालची फळी थरथरत असते. मी पिठाच्या गिरणीत लहानपणापासून जातेय, पण गिरणीच आपल्याला घेऊन निघाली आहे, असं पहिल्यांदाच वाटलं.

चक्की चालवणारे आजोबा हौसेखातर काम करतात. किनाऱ्यावर टाकायला जवाचं पीठ हवंय, हे ऐकून ते गप्प झाले. मला त्यांचं ते गप्प होणं फार ओळखीचं वाटलं, कारण मलाही आतून तेच खुपत होतं. अन्न आहे, असं कसं टाकायचं? शेवटी त्यांनी मागच्या बाजूला नेऊन जुनी, कीड लागलेली पोती दाखवली. "हे विकता येत नाही. हे न्या. आणि हे खायला," म्हणून चांगल्या पिठाची एक छोटी पिशवी माझ्या हातात दिली. पक्षी आले तर येऊन सांगा, असंही बजावलं.

पोती न्यायला सम्यकने बाकफीट्स मागून आणली होती. पुढे मोठी लाकडी पेटी असलेली ही सायकल. इथले आईबाप तीत पोरं बसवून शाळेत नेतात. "मी चालवते," मी म्हणाले. कॉलेजला असताना मी सांगली ते हरिपूर रोज सायकल मारत होते, या जुन्या पुण्याईवर. ती चाललीही छान. फक्त कुणीच मला सांगितलं नव्हतं की या सायकलचा ब्रेक हातात नसतो, पायडल उलटं मारलं की लागतो. पायडल उलटं फिरवायची माझी सवय जुनी. पुलाच्या उतारावर मी सहज पाय मागे घेतला आणि सायकल जागच्या जागी थांबली. पोतं थांबलं नाही. ते पेटीतून उडून रस्त्यावर पडलं आणि फाटलं.

मी पांढरीफटक. सायकलींचा रस्ता पांढरा. मागून येणारे लोक शांतपणे पिठातून वाट काढत होते, एकही जण ओरडला नाही. एक बाई मात्र उतरल्या, आपल्या पिशवीतून झाडणी काढावी तसा स्कार्फ काढला आणि आमच्याबरोबर पीठ गोळा करू लागल्या. बरोबर आलेली नादिया कठडा नसलेल्या कडेवर बसून इतकी हसली की सम्यकला वाटलं ती पाण्यात पडेल.

वाळू

किनाऱ्याकडे जाताना वाटेत काचेची घरं लागतात. मैलोन्‌मैल काच, आत टोमॅटो आणि फुलं. आमच्याकडच्या पॉलीहाउसना याच्यापुढे खेळणी म्हणावं लागेल. मग एकदम काच संपते, वाळूच्या टेकड्या येतात, सायकल ढकलत वर चढलं की समुद्र.

सम्यकने निवडलेली जागा मी नकाशाबाहेर कधी बघेन असं वाटलं नव्हतं. तिला इथले लोक झांडमोटर म्हणतात, वाळूचं यंत्र. समुद्राच्या तळाची वाळू उपसून त्यांनी किनाऱ्यापाशी एक भलामोठा दांडा मुद्दाम तयार केला, आणि आता वारा आणि लाटा तीच वाळू पुढे किनाराभर पसरवतात. किनारा आपोआप जाड होत राहतो. त्या वाळूत एक छोटं तळंही आहे. म्हणजे एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला तळं, मधे पट्टी. शिवाय समुद्र वायव्येला. अलेक्झांड्रियाला लागते तशी सगळी मांडणी तयार होती. मी टेकडीवर उभी राहून हे एकाच नजरेत पाहिलं.

खाली मारायके आमची वाट बघत होत्या. किनारा सांभाळण्याच्या कामात त्यांची सगळी नोकरी गेली, आता निवृत्त आहेत. खेमेंते, म्हणजे इथली नगरपालिका, तिच्याकडून परवानगी त्यांनीच मिळवून दिली होती. लोखंडी खुंट्या नकोत, जाताना वाळू होती तशी करायची, एवढ्या अटी. मी त्यांना "मारायके मॅडम" म्हटलं तर त्यांनी मागे वळून बघितलं, कोण मॅडम आली म्हणून. इथे सत्तरीच्या बाईलाही नावाने हाक मारतात. माझ्या जिभेला ते जमेना. शेवटी मी "मारायकेताई" सुरू केलं, आणि ताईचा अर्थ कळल्यावर त्या सगळ्यांना तेच म्हणायला लावू लागल्या.

पहिल्या दिवशी आम्ही सपशेल हरलो. खुंट्या ठोकल्या, दोरी ताणली, काटकोन काढायला तीन-चार-पाचच्या गाठींची दोरी वापरली. आमच्याकडचे गवंडी गुण्या धरताना हेच करतात, त्यामुळे मला घरी आल्यासारखं वाटलं. पण पीठ टाकायला घेतलं की मुठीतून सुटतासुटता वारा ते उचलून तळ्याकडे नेई. मोठा रस्ता दोनदा आखला, दोनदा उडाला. समुद्रपक्षी आमच्या आजूबाजूला फिरत होते, पिठाकडे ढुंकूनही बघत नव्हते. एकाने मात्र मारायकेताईंच्या हातातलं चीजचं सँडविच सरळ उचललं.

"गाइड बरोबर होते," सम्यक वाळूत बसून म्हणाला. त्याचं तोंड एवढंसं झालं होतं.

नादिया उभी होती. तिने एक खुंटी उपटली, टोक वाळूत दाबलं आणि दोरीच्या कडेने ओढत चालू लागली. बोटभर खोल चर पडला. तिने मूठभर पीठ त्या चरात सोडलं. वारा वरून गेला. पीठ राहिलं.

मग सम्यक उठला, दुसरी खुंटी घेतली आणि पळत सुटला.

दुसऱ्या दिवशी आम्ही सकाळीच तिथे होतो. आता हात बसला होता. एकजण दोरी धरणार, एकजण चर ओढणार, मागून मी पीठ सोडत जाणार. पाठ भरून आली, पण थांबवत नव्हतं. मोठा रस्ता पूर्ण झाला. त्याला छेदणारे एकेक करत समुद्राकडे निघाले. टेकडीवरून फिरायला आलेले लोक थांबून विचारत, आणि मारायकेताई त्यांना अभिमानाने सांगत, "अलेक्झांड्रिया." एक आजोबा तर आपल्या कुत्र्याला रस्त्यांवरून चालू देईनात. प्रत्येक चौकातून वळवून नेत होते.

आणि दुपारी पक्षी आले. समुद्रावरचे नव्हेत. आपल्या साळुंकीच्या जातीतले, ठिपक्यांचे, काळपट. तळ्याच्या बाजूने मोठा थवा उतरला आणि शहराच्या पूर्वेकडच्या गल्ल्यांतून रांगेने चरत निघाला. सम्यकने मला जागच्या जागी थांबायची खूण केली. तो हसत होता की रडत होता, मला सांगता येणार नाही. चित्रण अर्धवट सोडून तो पक्षी मोजायला लागला, म्हणून फोन शेवटी मारायकेताईंनी धरला.

आम्ही त्या आनंदात असतानाच नादियाचा फोन वाजला. या वेळी ती लांब गेली नाही. बोलणं झाल्यावर तिथेच वाळूत बसली आणि आम्हाला सगळं सांगितलं.

तिची आई अलेक्झांड्रियाला जुन्या घरात एकटी राहते. समुद्राचं पाणी जमिनीखालून आत येतंय, इमारतीला तडे गेलेत. इंजिनियर बघून गेले, इमारत रिकामी करा म्हणाले. वरचे-खालचे सगळे गेले. नादियाचा भाऊ कैरोहून दोनदा गाडी घेऊन आला. आईने दार उघडलं नाही. आज तिसऱ्यांदा आलाय आणि जिन्यात बसलाय.

"का नाही निघत त्या?" मारायकेताईंनी विचारलं. "धोका आहे ना? मग निघायला हवं."

इथली माणसं मनात येतं ते सरळ बोलतात, त्यात वाकडं काही नसतं, हे मला एव्हाना कळलं होतं. पण नादियाचा चेहरा पडला. ती म्हणाली, "मी आर्किटेक्ट आहे. ती इमारत पडणार, हे मला कळतं. मी रोज तिला तेच सांगते. रोज भांडण होतं."

सम्यक तिच्याजवळ जाऊन बसला. "आमच्याकडे पूर आला तेव्हा माझी आई बोटीत बसायला तयार नव्हती," तो म्हणाला. "मी इथून व्हिडिओ कॉलवर ओरडत होतो. ही ताई तिथे कमरेइतक्या पाण्यात उभी होती."

मी होते. मावशी पायरीवर उभी होती, पाणी दुसऱ्या पायरीला लागलेलं, आणि ती म्हणत होती, घराला कुलूप लावून कधी गेले नाही गं मी. मी तिला पूररेषा समजावून सांगत होते, जी मीच नकाशावर काढली होती. रेषा बरोबर होती. मावशीला तिचं काय करायचं होतं? शेवटी बोटवाल्याने तिला तुळशीची कुंडी हातात दिली, तेव्हा ती बसली.

हे मी नादियाला सांगितलं. ती ऐकत होती. मारायकेताईंनी तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि एवढंच म्हणाल्या, "मी चुकीचं विचारलं."

"नाही," नादिया म्हणाली. "का निघत नाहीस, असं तिला कुणीच विचारलेलं नाही. आम्ही फक्त सांगतो."

मग ती उठली. पक्ष्यांनी खाल्लेल्या गल्ल्या आम्ही पुन्हा भरल्या. तिच्या घराची गल्ली तिने कुणाला आखू दिली नाही, चर तिने ओढला आणि पीठही तिनेच सोडलं. इथे मे महिन्यात संध्याकाळ संपतच नाही. ऊन लांबट, सोनेरी होऊन वाळूवर पडलं होतं आणि त्यात आमचं शहर पांढरं चमकत होतं. तेव्हा तिने आईला व्हिडिओ कॉल लावला.

दोघी अरबीत बोलत होत्या. नादिया मधेमधे आम्हाला इंग्रजीत सांगत होती, आणि मी ते इथे माझ्या भाषेत लिहितेय. पडद्यावर एक गोल चेहरा, पांढरा रुमाल बांधलेला, डोळ्यांत राग. पहिलं वाक्य होतं, "तुझ्या भावाला सांग, जिन्यात सिगारेट ओढू नकोस."

नादियाने भावाचं नाव काढलं नाही. तिने फोन फिरवून वाळू दाखवली. "हे बघ. आम्ही अलेक्झांड्रिया केलीय. पिठाची."

"पिठाची? कशाला?"

"जुन्या राजाने केली तशी. मी आता आपल्या दारात उभी आहे."

आईने चेहरा पडद्याच्या अगदी जवळ आणला. "हमरस्ता कुठे?" नादियाने दाखवला. "तलाव?" तोही दाखवला. मग आई म्हणाली, "मागे हो. तू औषधाच्या दुकानात उभी आहेस."

नादिया एक पाऊल मागे झाली. आमच्या मोजमापात तेवढं दुकानापासून घरापर्यंतचं अंतर नक्कीच होतं. सम्यकने ते वहीत टिपून घेतलं.

"आता ठीक," आई म्हणाली. "आता समुद्रावर जा. तुझे वडील न्यायचे तशी."

फोन मारायकेताईंनी हातात घेतला, नादियाचे हात मोकळे राहावेत म्हणून. नादिया चालायला लागली. हळूहळू, गल्लीच्या दोन रेघांच्या मधून. आई एकेक दुकान विचारत होती आणि ती सांगत होती. बेकरी. शिंपी. मग रसवाला.

"रसवाला नंतर. आधी घड्याळवाला."

"घड्याळवाला बंद झाला ना."

"बंद झाला म्हणून तिथून उठून गेला का? आधी घड्याळवाला."

नादिया परत मागे आली आणि घड्याळवाल्यासमोर थांबून पुढे गेली. तिच्या मागे सम्यक आणि मी, दोघंही नकळत रेघांच्या आत चालत होतो. टेकडीवरचे लोक बघत होते. असं करत आम्ही पिठाच्या किनाऱ्याला पोचलो. आमची अलेक्झांड्रिया तिथे संपत होती, पुढे ओली वाळू आणि तिच्या पुढे उत्तर समुद्र.

"थांबलीस का?" आई म्हणाली. "समुद्र कुठे आहे?"

नादियाने बूट काढले आणि चालत सरळ पाण्यात गेली. इथला समुद्र मे महिन्यात बर्फासारखा असतो. लाट गुडघ्यापर्यंत आली आणि तिने श्वास आत ओढला, तो मला काठावर ऐकू आला.

"थंड आहे?"

"खूप."

फोनमधून तिच्या घरातल्या पंख्याचा आवाज येत होता. मारायकेताई बूट-मोजे घालूनच पाण्यात उतरल्या होत्या, फोन दोन्ही हातांनी उंच धरून. मग आईने काहीतरी म्हटलं, आणि नादियाने तोंडावर हात घेतला.

"काय म्हणाली?" मी काठावरून विचारलं.

"म्हणाली, भावाला सांग, छोटी गाडी चालणार नाही. स्वयंपाकघरातलं टेबल मी नेणार आहे."

त्या आठवड्यात आई कैरोला गेली. टेबल दारातून निघेना म्हणून त्याचे पाय काढावे लागले, आणि भावाच्या घरात ते फक्त बाल्कनीत मावलं, हे मला सांगलीला आल्यावर नादियाने फोनवर सांगितलं. इमारत अजून उभी आहे. आई रोज विचारते. सम्यकच्या गाइडनी चित्रण दोनदा पाहिलं आणि पुढच्या वर्षी आपणही येतो म्हणाले.

पण त्या संध्याकाळी यातलं काहीच माहीत नव्हतं. दोघी पाण्यातून बाहेर आल्या, कुडकुडत. मी सकाळी सम्यकच्या स्वयंपाकघरात चांगल्या जवाच्या पिठाची थालीपिठं लावून आणली होती, कांदा-कोथिंबीर घालून. डबा कुठे उघडायचा म्हणून मी वाळूवर जागा शोधत होते. नादिया म्हणाली, "थांब."

पोत्याच्या तळाशी थोडं पीठ उरलं होतं. ते घेऊन ती आपल्या गल्लीत गेली, आपल्या दारातून आत शिरली आणि घराच्या जागी वाळूवर एक चौकोन आखला.

"केवढं आहे टेबल?" मारायकेताईंनी विचारलं.

"खऱ्या मापाचं काढतेय," ती म्हणाली. "शहर लहान असू दे."

टेबल शेजारच्या तीन घरांवर आणि औषधाच्या दुकानावर पसरलं. चार बाजूंना आम्ही चौघं बसलो. तिने मला चुलीकडची बाजू दिली, तिच्या घरी चूल असते तिथली. पाहुण्यांना तिथे बसवतात म्हणे. मारायकेताईंनी थालीपिठाचा पहिला घास घेतला आणि "लेकर" म्हणाल्या. डच भाषेत त्याचा अर्थ चविष्ट. सम्यकने दुसरं थालीपीठ मागितलं. मी डबा टेबलावरून त्याच्याकडे सरकवला.